पाणी किती फुटांवर?

भोपाळच्या अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केट हे नाव ऐकले की एखाद्या विलायती थाटाच्या पेठेचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तेथील खरी गंमत पक्क्या दुकानांत नाही. ती ठरलेल्या वारी भरणाऱ्या भाजीच्या हाटात आहे. ताडपत्र्या पसरल्या जातात, तराजू टांगले जातात, आणि सरकारी नोकर, सेवानिवृत्त प्राध्यापक, कॉलेजातली पोरे व नोकरीच्या निमित्ताने तिकडचीच होऊन गेलेली आपली मराठी मंडळी पिशव्या घेऊन हजर होतात. कोल्हापूरच्या माणसाला येथे पहिली अडचण पडते ती भाज्यांच्या नावांची. आपले घोसाळे येथे गिलकी होते, अळूचे कंद अरबी होतात आणि वांग्याला पुष्कळ जण भटा म्हणतात. श्रावण-भाद्रपदात मात्र गिऱ्हाईक आणि भाजीवाला यांच्यामध्ये एक असा प्रश्न फिरू लागतो की तो समजावयास आपल्याला कोणताही कोश उघडावा लागत नाही. तालाब किती झाला?

आणि उत्तर मिळते ते नुसत्या आकड्याचे. पासष्ट. सहासष्ट. सहासष्टला थोडे कमी. पुढचे 'सोळाशे' कोणी उच्चारीत नाही. भोपाळचा बडा तालाब काठोकाठ भरला म्हणजे त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १६६६.८० फूट होते, हे त्या शहरात शाळकरी पोरासही ठाऊक असते. तेवढे पाणी झाले की भदभदा येथील धरणाचे दरवाजे उघडतात, आणि निम्मे शहर ते पाहावयास लोटते. पंचगंगेकाठच्या वाचकांस याचे नवल वाटू नये. जुलै लागला की आपणही एकमेकांस 'कसे काय' विचारण्याआधी 'पाणी किती फुटांवर?' असे विचारतो. राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा सांगणारा माणूस त्या दिवसांत पाहुण्यापेक्षा मोठा असतो. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका, हे आपल्याला कोणी शिकविलेले नाही. ते आपण घरातल्या बोलण्यातून उचललेले आहे.

दोन्ही नगरे संस्थानी. दोन्ही संस्थाने १९४९ सालीच विलीन झाली; आपले मार्चात, भोपाळचे जूनमध्ये. आणि दोन्हीकडे पाणी अडविणाऱ्या राजाचे नाव लोकांच्या तोंडी आहे. बड्या तालाबाचे श्रेय परंपरा अकराव्या शतकातील परमार राजा भोज याला देते. राधानगरीचे धरण १९०७ च्या सुमारास शाहू महाराजांनी हाती घेतले. भदभद्याचे अकरा दरवाजे मात्र अलीकडचे, १९६५ सालचे. राधानगरीचे सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, त्यांना कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. आमच्या एका स्नेह्यांचे म्हणणे असे की सरकारी कारभारात वेळच्या वेळी उघडणारे एवढेच सात दरवाजे आहेत.

थट्टा बाजूला ठेवू. या आकड्यांत एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे वर्तमानपत्रवाल्यांचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. डोंगरातल्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला बातम्या पुष्कळ मिळतात. पण ज्या बातमीवर त्याचे घर, गोठा आणि जीव अवलंबून असतो ती एकच असते, आणि ती नेहमी वरून खाली येते. वर पाऊस किती पडला, वरच्या धरणात साठा किती, दरवाजे किती उघडले. ही बातमी पाण्याच्या आधी पोहोचली तर तिला बातमी म्हणावयाचे; पाण्याबरोबर पोहोचली तर तिचा उपयोग पंचनाम्याला. शिवाय ती नुसती पोहोचून भागत नाही, ऐकणाऱ्याच्या मापात पोहोचावी लागते. राधानगरीच्या एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी सुटते असे आपण दरवर्षी वाचतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. हा हिशेब अभियंत्याला पुरतो. चिखलीच्या किंवा आंबेवाडीच्या शेतकऱ्याला हवे असते ते निराळेच: माझ्या गोठ्याच्या उंबऱ्याला पाणी केव्हा लागणार? राजाराम बंधाऱ्याच्या फुटांचे मोल येथे आहे. अमुक फुटांवर अमुक रस्ता बंद, तमुक फुटांवर तमुक गल्लीत पाणी, अशी त्या फुटांची लोकांनी आपल्या परीने भाषांतरे करून ठेवलेली आहेत. २०१९ साली पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले तेव्हा हा कोशच अपुरा पडला. इतक्या वरच्या फुटांचा अर्थ कोणाच्या आजोबांनी सांगून ठेवला नव्हता. ज्यांनी 'मागच्या खेपेला पाणी येथवर आले होते' या हिशेबाने सामान माळ्यावर टाकले, त्यांचे माळेही बुडाले.

भोपाळात बातमी वेळेवर न पोहोचणे म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. लोकांसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजून बंद पडला. पुन्हा वाजला तोवर वस्त्या रस्त्यावर येऊन धावत सुटल्या होत्या. ओला कपडा नाकातोंडावर धरा, एवढी चार शब्दांची सूचना त्या रात्री शेजारच्या झोपड्यांत पोहोचली असती तर पुष्कळ जीव वाचले असते असे पुढे जाणत्यांनी सांगितले आहे. सूचना देणारा कोणी नव्हताच असेही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये त्या कारखान्यात विषारी वायूने एक कामगार दगावला, तेव्हापासून राजकुमार केसवानी नावाचा एक तरुण पत्रकार त्या प्रकरणाच्या मागे लागला होता. 'रपट' नावाचे त्याचे छोटे साप्ताहिक होते. त्यात सप्टेंबर १९८२ पासून त्याने लागोपाठ लिहिले की हा कारखाना एक दिवस शहराचा घात करील. पुढे जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'तही लिहिले. कोणी मनावर घेतले नाही. त्या लिखाणानंतर सहा महिन्यांतच त्याच्या बातमीतले शब्द प्रत्यक्षात उतरले, आणि मग जगातल्या साऱ्या मोठ्या पत्रांचे बातमीदार भोपाळात उतरले. केसवानी २०२१ साली वारले. स्थानिक बातमीला 'गल्लीतली बातमी' म्हणून नाक मुरडण्याची आपल्या धंद्यात रीत आहे. तिच्यावर याहून कडक टीका मला ठाऊक नाही.

भोपाळ शहर स्वतः खोऱ्यात नाही, पठाराच्या कडेवर आहे. येथले पाणी दोन वाटांनी जाते. भदभद्यावरून सुटलेले पाणी कलियासोतमधून बेतव्याला, तेथून यमुनेला आणि शेवटी गंगेला मिळते. शहराला पिण्याचे पाणी देणारी कोलार नदी मात्र विंध्याच्या दक्षिण उतरणीने नर्मदेत जाते. म्हणजे बिट्टन मार्केटात भाजी घेणाऱ्याच्या घरातला नळ नर्मदेच्या उपनदीचा आणि तलावाच्या काठचा फेरफटका गंगेच्या खोऱ्यातला, असा मोठा धार्मिक लाभ भोपाळकरांस फुकटात मिळालेला आहे.

शहर सोडून दक्षिणेस निघाले की औबेदुल्लागंजनंतर रेल्वे बरखेडा-बुधनीच्या घाटात शिरते. सागाचे रान, वळणे, बोगदे, आणि मग एकाएकी जमीन सपाट होऊन नर्मदेचा पूल लागतो. मराठी माणसास हा मुलूख परका नाही. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीराव पेशव्यांनी निजामाला भोपाळातच कोंडले, आणि २८ एप्रिल १७४० रोजी याच नदीच्या काठी, रावेरखेडीस, त्यांनी देह ठेवला. उत्तरेस विंध्य, दक्षिणेस सातपुडा, मध्ये हे लांबट अरुंद खोरे. तेराशे किलोमीटरांहून थोड्या अधिक लांबीच्या नदीत आज मोठ्या धरणांची रांग उभी आहे: जबलपूरजवळ बरगी, मग पुनासा येथील इंदिरा सागर, ओंकारेश्वर, महेश्वर, आणि अगदी खाली गुजरातेत सरदार सरोवर. तवा ही उपनदी, तिच्यावर आणखी एक.

पुलापलीकडचे होशंगाबाद २०२२ पासून नर्मदापुरम झाले आहे. बोलण्यात दोन्ही नावे चालतात. तेथील सेठाणी घाट जानकीबाई नावाच्या एका धनिक बाईने बांधला. घाट देखणा आहेच, पण पावसाळ्यात त्याची कीर्ती सौंदर्याची नसते, मोजपट्टीची असते. ९६४ फूट हा इशारा, ९६७ हा धोका. बरगीचे एकवीस दरवाजे आणि तव्याचे तेरा, यांतले किती व किती वर उचलले हे नदीकाठच्या चहाच्या टपरीवर तोंडपाठ असते. बरगी फार लांब, तिचे पाणी यावयास अवकाश असतो. तवा मात्र उशाशी: बांद्राभान येथे ती नर्मदेला मिळते, आणि तेथून शहर काही मैलांवर. म्हणून तव्याचे दरवाजे उघडल्याची बातमी येथे घाईची आणि बरगीची बातमी सवडीची. हा भेद कोणत्याही छापील पत्रकात नसतो. १९७३ च्या ऑगस्टमधल्या पुराने हे शहर धुऊन नेले, त्या वेळी तव्याचे धरण पुरे व्हावयाचे होते. २०२० च्या ऑगस्टअखेर सारी धरणे जागेवर असताना नदी पुन्हा धोक्याच्या रेषेच्या पुष्कळ वर चढली. धरणे पूर थांबवतात की पुराची वेळ बदलतात, हा वाद तज्ज्ञांत चालूच राहील. काठच्या माणसाचे एवढेच म्हणणे की वेळ बदलणार असेल तर मला आधी कळू द्या.

खेड्यापाड्यांत ही बातमी अजूनही कोटवार देतो. आपल्या कोतवालाचाच हा भाऊ. आपल्याकडे दवंडी पिटतात, तिकडे मुनादी होते. हल्ली मोबाईलवर संदेश येतात, गाडीवर भोंगा लावूनही सांगतात. तरी ढोल वाजला की बाई चुलीपुढून उठून दारात येते, आणि मोबाईल वाजला की तो पाहावयास मुलगा घरी असावा लागतो, हा फरक आहे. मुनादीचे आणखी एक आहे. ती सर्वांना एकदम कळते. मग 'मला कळले नाही' असे कोटवारालाही म्हणता येत नाही आणि गावालाही.

मुनादी झाली नाही तर काय होते ते धाराजीला दिसले. देवास जिल्ह्यात नर्मदेच्या उत्तर काठी धाराजी नावाचे तीर्थ. भूतडी अमावास्येस, म्हणजे आपल्या पंचांगाच्या हिशेबाने पाडव्याआधीच्या फाल्गुनी अमावास्येस, तेथे मोठी जत्रा भरे. ज्यांना भूतबाधा आहे अशी घरच्यांची समजूत असते, त्यांना लोक लांबून घेऊन येत आणि नर्मदेत बुडी मारून पीडा सोडवून घेत. २००५ साली ही जत्रा एप्रिलच्या सुरुवातीस आली. आकाश निरभ्र, उन्हाळा लागलेला, नदीचे पात्र उघडे, आणि माणसे रेतीवर व खडकांवर पथाऱ्या टाकून बसलेली. ७ एप्रिलच्या रात्री पाणी वाढले. इंदिरा सागरातून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटले होते. अंधारात, पाऊस नसताना, ढगाचा गडगडाट नसताना आलेला हा पूर. साठाहून अधिक माणसे वाहून गेली.

नंतर चौकशीचे जे व्हावयाचे ते झाले. वीज करणाऱ्यांचे म्हणणे पडले की जत्रा आहे हे आम्हाला कोणी कळविलेच नव्हते. त्यांना कळविले नाही. आणि त्यांनी पाणी सोडले हे यात्रेकरूंना कळले नाही. वर्षानुवर्षे ठरलेल्या तिथीला भरणारी जत्रा, तिची बातमी काही मैल वर चढू शकली नाही! हजारो वर्षे त्या काठच्या लोकांनी नदी वाचली ती आकाश पाहून. ढग आले की सरकावयाचे, निरभ्र असले की बसावयाचे. धरण झाल्यापासून नदीचा आकाशाशी असलेला करार मोडला, पण तो मोडल्याची नोटीस काठच्या माणसाला बजावलीच गेली नाही. माझ्या मते त्या रात्रीचा दोष एखाद्या कर्मचाऱ्याच्या माथी मारून भागणार नाही. धरणाच्या खाली राहणारा माणूस हा बातमीचा हक्कदार आहे, ही कल्पनाच तेव्हा कोणाच्या वहीत नव्हती.

येथून आणखी खाली गेले की फूट संपतात आणि मीटर सुरू होतात. बडवाणीजवळच्या राजघाटला धोक्याची खूण १२३.२८ मीटरांवर आहे. फुटांत वाढलेल्या पिढीला दशांशाच्या पुढचे 'अठ्ठावीस' म्हणजे हातभर की वीतभर, हे कळावयास वेळ लागतो. आणि येथली नदी आता दोन्हीकडून येते. वरून पुराची, खालून फुगवट्याची. सरदार सरोवर भरू लागले की पाणी हळूहळू मागे सरकत, ओढ्याओढ्यांत शिरत वर चढते. त्याला आवाज नसतो. काल ज्या दगडावर कपडे धुतले तो आज दिसत नाही, एवढीच त्याची खबर.

हीच खबर आपल्या महाराष्ट्रातही येते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानी नसते. नर्मदा महाराष्ट्राला नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकास शिवून जाते, आणि अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतली तेहेतीस गावे सरदार सरोवराच्या बुडिताखाली आली. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही त्यांपैकी काही नावे. धरणाच्या उंचीचा निवाडा नर्मदा लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये दिला. तो इंग्रजीत होता. त्यानंतरच्या नोटिसा मराठीत निघाल्या. आणि त्या डोंगरातली माणसे घरात बोलत होती पावरी आणि भिली. मराठी ही तेथे कचेरीची भाषा, चुलीची नव्हे. आपण भोपाळात गिलकी आणि अरबी या शब्दांपाशी अडखळतो ते गंमत म्हणून. अक्राणीतल्या माणसाचे 'भूसंपादन' या शब्दापाशी अडखळणे शेताच्या किमतीचे होते. पुष्कळांना घर जाणार ही बातमी पहिल्याने दिली ती कागदाने नव्हे, मोजणीदारांनी रोवलेल्या खुणेच्या दगडांनी. दगडाखालचे ते बुडणार, वरचे ते राहणार. दगडाला भाषा लागत नाही. १९९१-९२ च्या सुमारास नर्मदा बचाओ आंदोलनाने त्या डोंगरांत जीवनशाळा काढल्या आणि मुलांना आधी त्यांच्या बोलीत व मग मराठीत शिकविण्यास आरंभ केला. त्यानंतर नोटीस वाचून दाखविणारे कोणी घरातच निघू लागले. आंदोलनाच्या मागण्यांविषयी मतभेद असणाऱ्यांनीही हे एक काम मान्य करावे असे आहे. सरकारी शाळा त्या काठांवर कित्येक ठिकाणी कागदावरच होत्या.

कोल्हापूर-सांगलीच्या लोकांस खालून चढणारे पाणी ही कल्पना अलमट्टीमुळे ठाऊक आहे. ५१९.६० मीटर हा आकडा आपल्याकडे महापुराच्या दिवसांत हवामानाच्या अंदाजाइतकाच ऐकू येतो. अलमट्टीच्या फुगवट्याने आपल्याकडे पूर चढतो की नाही, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण कर्नाटकाने उंची ५२४ मीटरांवर नेण्याचे म्हटले की शिरोळच्या पारावर त्याच संध्याकाळी चर्चा होते. तेथे भाषा आडवी येत नाही, वर्तमानपत्र सकाळी पोहोचते, आमदार-खासदार उठून बोलतात. अक्राणीत होडीखेरीज जाता येत नव्हते.

१५ सप्टेंबर २०१९ रोजी सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरांपर्यंत पूर्ण भरले. खाली धरणावर तो सोहळ्याचा आकडा होता. दोन दिवसांनी पंतप्रधान येऊन त्यांनी नर्मदेची पूजा केली. वर मध्य प्रदेशात चिखलदा आणि निसरपूर येथे त्याच आकड्याला घरांची कौले पाण्याखाली गेली होती, आणि नंदुरबारच्या काठावर माणसे डोंगराच्या आणखी एका टेकाडावर सरकून झोपड्यांचे वासे नव्याने रोवीत होती.